नऊ किलोमीटर, किती तास?



तेंदूपत्त्याचा हंगाम उरकला. मोहफुलं वाळवून भरून ठेवली. मृग आठ-दहा दिवसांवर आलाय. घराघरांत कौलं फिरवणं, सरपण आत घेणं, बियाण्याचं धान निवडणं चालू असेल. तुमचे हात चालू द्या, कान तेवढा आमच्याकडे द्या. आम्ही भामरागड तालुक्यातल्या एका लहान गावातल्या गटाच्या बाया बोलतोय. आमच्यातल्या निम्म्या जणी घरी माडिया बोलतात, म्हणून मराठी थोडी इकडची तिकडची झाली तर समजून घ्या.

आजचा विषय एका पोरीनं काढून दिला. आश्रमशाळेला सुट्टी लागली आणि पाचवीतली आमची एक पोर गावी आली. संध्याकाळी गटाची बैठक चालू होती, आणि ती कोपऱ्यात कंदिलाशी बसून भूगोल मोठ्यानं वाचत होती. चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला बेट म्हणतात, असं तिनं वाचलं. मग पुस्तक मिटून विचारलं, "मग आपलं गाव बेट आहे का?"

आम्ही हसलो. पण आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई हसली नाही. ती म्हणाली, "आठ महिने गाव, चार महिने बेट." त्या दिवशी हिशेबाची वही बाजूला राहिली आणि आम्ही याच गोष्टीवर बोलत बसलो. तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी खऱ्या बेटांचं ऐका. मुंबईजवळ समुद्रात घारापुरी नावाचं बेट आहे. तिथल्या लेण्या बघायला जगभरातून लोक येतात. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून ते साधारण १० किलोमीटर. लाँचनं एक तास लागतो. रात्री बेटावर उभं राहिलं की मुंबईचे दिवे दिसतात. तरी त्या गावात समुद्राखालून तार टाकून कायमची वीज पोचली ती २०१८ साली. इतकी वर्षं समोर लखलखाट आणि घरात अंधार. जवळ असणं आणि पोचणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे घारापुरीच्या बायांना कुणी शिकवायला नको.

दुसरं बेट अंदमान. आपल्या मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली बायांची गावं आहेत ना? पूर्व बंगालातून उखडून आलेल्या माणसांना सरकारनं तिथं वसवलं. तशाच काही माणसांना अंदमानातही वसवलं. चेन्नईपासून अंदमानचं मुख्य शहर, म्हणजे पोर्ट ब्लेअर, आता त्याला श्री विजयपुरम म्हणतात, सुमारे साडेतेराशे किलोमीटर. मधे सगळा समुद्र. जहाजानं गेलं तर जवळजवळ तीन दिवस. विमानानं गेलं तर दोन-सव्वादोन तास.

बायांनो, अंतर तेच, समुद्र तोच. कुणाला तीन दिवस, कुणाला दोन तास. म्हणजे अंतर नुसतं जमिनीवर नसतं. तुमच्यासाठी काय वाहन उभं आहे, त्यावर ते ठरतं.

आता आपल्या वाटेवर या. चंद्रपूर ते गडचिरोली, मूल-सावलीवरून, ८० किलोमीटरच्या आसपास. दोन तासांत माणूस पोचतो. गडचिरोलीहून भामरागड पावणेदोनशे किलोमीटर धरा. चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, मग पेरमिली, ताडगाव, हेमलकसा आणि शेवटी पर्लकोटा नदी ओलांडली की भामरागड. आपल्या सबंध जिल्ह्यात रेल्वेचं ठाणं म्हणावं तर वडसा, तेही अगदी वरच्या टोकाला. म्हणून आपलं सगळं येणंजाणं रस्त्यावर. उन्हाळ्यात आलापल्लीला गाडी बदलून, थांबत थांबत, पाच-सहा तास लागतात. पहाटे निघालेली बाई दुपारी जिल्ह्याच्या दवाखान्यात असते.

पाऊस लागला की हा हिशेब मोडतो. आष्टीजवळ वैनगंगा चढली की चंद्रपूरकडची वाट बंद. आलापल्लीच्या पुढे बांडिया नदी आहे, नाले आहेत. एक उतरला तर दुसरा भरलेला असतो. शेवटी पर्लकोटेचा ठेंगणा पूल. तो पाण्याखाली गेला की भामरागड तुटलं, आणि त्याच्यामागची शंभरावर गावं तुटली. तिथं उंच पूल बांधायला घेतलाय. तो कामाला लागला की फरक पडेल, नक्की पडेल. पण त्या पुलाच्या अलीकडे-पलीकडे आमच्यासारख्या गावांचे नाले तसेच राहणार आहेत.

कधी कधी नवल वाटतं. आमच्याकडे ऊन पडलेलं असतं, आभाळ निळं असतं, तरी पर्लकोटा फुगत जाते. त्याचं कारण इंद्रावती. ती ओडिशातून निघते, बस्तरातून जगदलपूरवरून येते. तिकडे जोराचा पाऊस झाला की दोन दिवसांनी ती इकडे भरून येते. भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतम तिला मिळतात. इंद्रावतीच तुडुंब असली की या दोघींचं पाणी जायला जागा राहत नाही, ते मागं सरतं आणि बाजारात, घरांत शिरतं. म्हणून आभाळ बघून निघू नका. वर काय पडलंय ते विचारून निघा. सिरोंचाच्या बायांनी २०२२ च्या जुलैत गोदावरीचा पूर पाहिला. वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडच्या बायांनी २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर पाहिला, तेव्हा वरून गोसीखुर्दचं पाणी आलं होतं. पाणी दुसरीकडचं असतं, बेट आपलं होतं.

आमचं गाव भामरागडपासून नऊ किलोमीटर. मधे एक मोठा नाला. भामरागड तुटलं की ते बेट, आणि नाला भरला की आमचं गाव त्या बेटातलं बेट.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगावी की नाही यावर आमच्यात वाद झाला. ज्या घरातली आहे, त्या घरातल्या सासूनं आणि सुनेनं दोघींनी सांगा म्हटलं, म्हणून सांगतो. नाव घेणार नाही.

तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्यातल्या एका सुनेला नववा लागलेला. आशाताईनं दोनदा येऊन सांगितलं होतं, "हिला आत्ताच माहेरघरात नेऊन ठेवा, नाला चढायच्या आत." आम्ही काय म्हटलं? रोवणी अर्धी राहिली आहे, पऱ्हे वर आलेत, चार दिवसांत बांधी उरकली की धाडतो. सासू म्हणाली, आम्ही सगळ्याच म्हणालो. ती पोरगीही म्हणाली, "मला काही होत नाही, मी रोवते." वाकून रोवणी करणारी पोटुशी बाई आम्हाला नवी नव्हती. आम्हीही तशाच रोवत आलेलो.

तिसऱ्या रात्री तिला कळा लागल्या. पाऊस धरलेला. खाटेला दोर बांधून, बल्ली घालून माणसांनी तिला उचललं. वरून मेणकापड टाकलं. नाल्यापर्यंत तीन किलोमीटरला दोन तास लागले, इतका चिखल. नाल्याचा रपटा दिसतच नव्हता. डोंगा होता, पण त्या धारेत डोंगा घालणं म्हणजे पाच जणांचा जीव घालणं. आम्ही काठावर थांबलो. पलीकडे उजेड दिसत होता. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर. सकाळ झाली, पाणी हाताच्या बोटाएवढंही उतरलं नाही. उन्हं वर आली तेव्हा तिथंच, मेणकापडाखाली, आमच्या म्हाताऱ्या सुईणीच्या हातात बाळ आलं. मुलगा होता. तो रडला नाही.

सून वाचली. पाणी दुपारी उतरलं, तिला डोंग्यातून पलीकडे नेलं, पुढे दवाखान्यात सलाईन, रक्त, सगळं झालं. पंधरा दिवसांनी ती चालत घरी आली.

नाल्याला दोष देणं सोपं होतं. पूल नाही म्हणणंही खरं होतं. पण रात्री झोप लागेना, कारण आम्हाला ठाऊक होतं की नाला त्या रात्री आडवा आला, आणि चार दिवस आम्ही आडव्या आलो. आशाताईनं सांगितलं तेव्हा नाल्यात घोटाभर पाणी होतं. नऊ किलोमीटर तेव्हा दोन तासांचे होते. आम्ही ते रोवणीत घालवले.

यानंतर गटात एक वही सुरू झाली. तिला आम्ही तासांची वही म्हणतो. आमच्यात बारावी शिकलेली एक सून आहे, ती लिहिते. पानावर डावीकडे ठिकाण: आशाताईचं घर, आरोग्य उपकेंद्र, भामरागडचं ग्रामीण रुग्णालय, अहेरीचं उपजिल्हा रुग्णालय, गडचिरोलीचा जिल्ह्याचा दवाखाना, रेशन दुकान, बाजार, बँक. त्याच्यापुढे तीन रकाने. उन्हाळ्यात किती तास. पावसाळ्यात वाट चालू असताना किती तास. आणि वाट तुटल्यावर किती.

भामरागडपुढे आम्ही लिहिलं: उन्हाळ्यात चालत दोन तास, मोटारसायकलनं अर्धा तास. पावसाळ्यात चार तास. तुटल्यावर, तिथं ती सून पेन धरून बसली. काय लिहू? कुणी म्हणे एक दिवस, कुणी म्हणे तीन. शेवटी मागच्या पावसाळ्यात नाला किती वेळा भरला आणि किती वेळ भरून राहिला, ते आठवून आठवून लिहिलं. पुढच्या वर्षीपासून आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला लागलो. ज्या दिवशी नाला बंद, त्या तारखेला कोळशाची फुली.

या वहीचा उपयोग पहिल्यांदा ग्रामसभेत झाला. आधी आम्ही सांगायचो, "साहेब, दवाखाना लांब आहे." साहेब विचारायचे, "किती किलोमीटर?" आम्ही म्हणायचो नऊ. नऊ म्हटलं की कागदावर ते काहीच दिसत नाही. पन्नास किलोमीटरवरची गावं असताना नऊवाल्यांचं कोण ऐकणार? वही उघडून आम्ही तास वाचले, फुल्या मोजून दाखवल्या, तेव्हा सभा गप्प झाली. ठराव लिहिला गेला. पावसाळ्याआधी आशाताईकडे औषधांचा साठा पुरेसा द्यावा, नाल्यावर चांगली नाव आणि तरंगण्याची जाकिटं ठेवावीत, नाल्यावर पूल करावा. औषधं त्याच वर्षी मिळाली. नाव आणि पूल अजून मागतोच आहोत. दर ग्रामसभेत वही घेऊन जातो.

तुमचं गाव पेसामध्ये असेल तर पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतीला येतो, आणि तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. आरोग्य त्यात बसतं. तेव्हा बायांनी सभेला जाऊन बसायला हवं. मागच्या रांगेत बसून कुजबुजून नाही चालत.

पण पूल येईपर्यंत काय? पूल आपल्या हातात नाही. निघायची तारीख आपल्या हातात आहे. आम्ही आता दर वर्षी मृगाच्या आधी एक बैठक फक्त यासाठी घेतो. त्यात काय करतो ते सांगतो, तुम्हाला पटलं तर घ्या.

पहिलं, गावात कोण गरोदर आहे आणि कुणाची तारीख जून ते सप्टेंबरमधे येते, ते आशाताईकडून लिहून घेतो. त्या बाईनं माहेरघरात कधी जायचं तो दिवस तिथंच ठरतो. माहेरघर म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. आदिवासी भागात प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ, दवाखान्याजवळ, गरोदर बाईला बाळंतपणाआधीच येऊन राहण्यासाठी सोय केलेली असते, ते माहेरघर. सोबत घरचं एक माणूस राहू शकतं, लहान मूल असेल तर तेही. जेवण मिळतं. तुमच्या जवळ ते कुठं आहे, हे आशाताईला किंवा नर्सबाईंना आजच विचारून ठेवा.

दुसरं, आणि आमच्या मते सगळ्यात मोठं. बाई घरातून आधी निघाली तर तिची रोवणी कोण करणार? तिची पोरं, डुकरं, कोंबड्या कोण बघणार? या प्रश्नाचं उत्तर नसतं, म्हणूनच बाई निघत नाही. सासू खाष्ट असते म्हणून नाही. त्या वर्षीच्या सासूनंच हे आमच्यासमोर मांडलं. ती म्हणाली, "मला कुणी म्हटलं असतं की तुझी बांधी आम्ही लावतो, तर मी पोरीला त्याच दिवशी धाडली असती." तेव्हापासून आमच्या गटाचा नियम आहे. जी बाई माहेरघरात जाईल, तिच्या बांधीत गटातल्या दहाही जणींनी एकेक दिवस रोवायचं. मजुरी नाही, उपकारही नाही. गेल्या दोन पावसाळ्यांत तीन जणी अशा गेल्या. तिघींची बाळं आत्ता अंगणवाडीत आणि आईच्या कडेवर आहेत. त्यातली एक त्याच घरातली. पुन्हा दिवस गेल्यावर ती सून आखाडाआधीच निघाली, आणि सासू सोबत गेली.

तिसरं, रोजच्या गोळ्या. रक्तदाबाच्या, साखरेच्या, फिटच्या. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, त्यांच्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. वाट तुटली म्हणून गोळी तुटता कामा नये. पुढच्या दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आधीच मागून आणा. कशासाठी हव्यात ते दवाखान्यात सांगा.

चौथं, ताप आणि साप. ताप आला की मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. आशाताईकडे बोटातून रक्त घेऊन बघण्याची सोय असते. उद्या बघू म्हटलं आणि रात्री नाला भरला, असं होतं. साप चावला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. हातपाय हलू न देता, चालायला न लावता, उचलून दवाखान्यात न्या. पुजाऱ्याकडे नंतर जा, आम्ही त्याला नको म्हणत नाही. पण त्याचा एक तास आणि नाल्याचे चार तास एकत्र झाले तर हातात काही उरत नाही.

पाचवं, धान्य. पावसाळ्यात तुटणाऱ्या गावांना चार महिन्यांचं रेशन आधीच पोचवलं जातं. ते आलं का, पूर्ण आलं का, कोरड्या जागी ठेवलं का, हे बायांनी जाऊन बघा. शिवाय गटाच्या पैशातून मीठ, तेल, काडेपेटी, मेणबत्ती, क्षार-साखरेची पाकिटं आणि टॉर्चचे सेल आम्ही एका पेटीत ठेवतो. किल्ली दोघींकडे असते.

आणि सहावं, रपट्यावरून पाणी वाहत असेल तर उतरू नका. पुरुषांनाही उतरू देऊ नका. गुडघाभर दिसणारं पाणी माणसाला ओढून नेतं, मोटारसायकलला तर आधी नेतं. बाजार पुढच्या आठवड्यात भरतो.

निवडणूक आली की आपल्या जिल्ह्यात मतदान पथकं हेलिकॉप्टरनं येतात, तुम्ही पाहिलं असेल. पुरात अडकलेल्या गरोदर बाईलाही कधी कधी हेलिकॉप्टरनं नेलं जातं. चांगलंच आहे. म्हणजे जिल्ह्यापासून आपल्या गावाचं अंतर मिनिटांतही मोजता येतं, हे सरकारला माहीत आहे. पण ढग खाली आले की हेलिकॉप्टर येत नाही, आणि दर बाईसाठी तर ते येणारच नाही. म्हणून पूल मागायचा, नाव मागायची, आणि तोवर आपल्या बाईला नाला चढण्याआधी पलीकडे पोचवायचं.

बायांनो, आता तुमच्याकडून एक हवं आहे. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक पान काढा. तीन रकाने आखा. तुमच्या गावापासून दवाखाना उन्हाळ्यात किती तास, पावसाळ्यात किती, तुटल्यावर किती. लिहिता येणारी नसेल तर शाळेतल्या पोरीला बसवा. गावात नाला नसेल, तरी लिहा. कुठं शेवटची बस दुपारीच जाते, कुठं वाघाच्या भीतीनं दिवस मावळल्यावर वाट बंद होते. चंद्रपूरकडच्या बायांना आम्ही ते काय सांगणार! तेही एक प्रकारचं बेटच आहे.

आमची ती पाचवीतली पोर आता सुट्टी संपवून शाळेत जाईल. जाताना तिनं आमच्या वहीत शेवटच्या पानावर गावाचा नकाशा काढून दिला. मधे घरं, कडेनं नाला, पलीकडे भामरागड. नाल्यावर तिनं एक पूल काढलाय. आम्ही म्हटलं, "अगं, तो अजून झाला नाही." ती म्हणाली, "मला माहीत आहे. म्हणून पेन्सिलीनं काढलाय."

यंदा आमच्या गावात दोघींच्या तारखा श्रावणात आहेत. एकीची पिशवी भरून झाली आहे. दुसरीची उद्या भरणार. त्यांच्या बांधीत कोण कधी रोवणार, ती यादी अंगणवाडीच्या भिंतीवर लावली आहे.

 पाऊस सगळ्यांना पुरेल एवढा पडो.